हे हाड कोणाचे?

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला असताना मी चारशे रुपयांना एक माणूस विकत घेतला होता. नेमके सांगायचे तर अर्धा माणूस. त्याला आम्ही ‘हाफ सेट’ म्हणत असू. वसतिगृहातल्या सीनियरकडून घ्यायचा, वर्षभर वापरायचा आणि परीक्षा झाली की पुढच्या बॅचमधल्या कुणाला तरी विकायचा. पत्र्याच्या ट्रंकेत एक कवटी, एका बाजूच्या बरगड्या, एक हात, एक पाय आणि तारेत ओवलेले मणके. दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासासाठी ती ट्रंक मी घरी आणली. आजीने ती घरात येऊ दिली नाही, मागच्या पडवीत ठेवायला लावली. संध्याकाळी मी मांडीचे हाड हातात घेऊन स्नायूंच्या जागा पाठ करत बसले होते. आजी जवळ आली आणि तिने विचारले, “कोणाचं गं हे?”

मी म्हणाले, “फीमर आहे. उजव्या बाजूचं.”

आजी काही बोलली नाही. आत गेली आणि देवापुढचा दिवा लावताना एक वात जास्त लावली. तिचा प्रश्न वेगळा होता आणि माझे उत्तर भलतेच होते, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. आज तीस वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर तो प्रश्न पुन्हा आठवायला कारण झाले एक जुने हाड. तेही मांडीचेच.

इंग्लंडच्या दक्षिणेला विल्टशायर परगण्यात स्टोनहेंज हे प्रसिद्ध शिलावर्तुळ आहे. त्याच्या आसपासच्या माळावर मातीचे शेकडो गोल उंचवटे दिसतात. ती कांस्ययुगातली थडगी. विल्सफर्ड गावाजवळच्या अशा एका थडग्यात एका पुरुषाचा सांगाडा सापडला. त्याच्यासोबत कांस्याची कुऱ्हाड, दगडी कुऱ्हाड, हाडाची एक पट्टी, रानडुकराचा सुळा, काटेरी टोकांची एक चमत्कारिक धातूची वस्तू आणि हाडाची एक घासूनपुसून गुळगुळीत केलेली नळी ठेवलेली होती. ही नळी म्हणजे एक वाद्य, शिट्टीसारखे फुंकून वाजवायचे. आज ते डिवायझेस गावच्या विल्टशायर संग्रहालयात आहे. ते माणसाच्या मांडीच्या हाडाचे आहे.

ब्रिस्टल विद्यापीठाच्या एका प्रकल्पात टॉम बूथ आणि जोआना ब्रुक या संशोधकांनी अशा अनेक जुन्या हाडांची तपासणी केली आणि २०२० साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. रेडिओकार्बन पद्धतीने वय काढल्यावर असे दिसले, की ज्या व्यक्तीच्या मांडीची ही शिट्टी आहे ती व्यक्ती आणि थडग्यातला पुरुष हे एकाच काळातले असावेत. म्हणजे तो तिला ओळखत असण्याची दाट शक्यता आहे.

असे काही वाचले की आपल्याकडे पहिला शब्द तोंडात येतो तो ‘अघोरी’. करणी, नरबळी, स्मशानातले मांत्रिक असे सगळे डोळ्यांपुढून जाते. थोडे थांबू या. निदान करण्याआधी रुग्ण नीट तपासायचा असतो, तसे हे हाडही आधी नीट पाहू.

हाड हा विलक्षण पदार्थ आहे. आपण त्याला दगडासारखा समजतो, पण जिवंतपणी ते रक्ताने भिजलेले, सतत मोडणारे आणि सतत बांधले जाणारे ऊतक असते. त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खनिज. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा आणि पाण्याचा. खनिजामुळे कडकपणा येतो, धाग्यांमुळे लवचीकपणा. सिमेंट आणि लोखंडी सळ्या मिळून स्लॅब होतो, त्यातला प्रकार. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचे साफ केलेले हाड व्हिनेगरमध्ये चारपाच दिवस बुडवून ठेवा, मधूनमधून व्हिनेगर बदला. खनिज विरघळून जाते आणि हाड रबरासारखे वाकते. उलट, हाड चुलीत जाळले तर धागे जळतात, खनिज उरते आणि हाड बोटांनी चुरडता येते.

प्रागैतिहासिक माणसाला कोलॅजन हा शब्द माहीत नव्हता, पण त्याला हा फरक हाताने माहीत होता. म्हणून तो वस्तू करायला शक्यतो ताजे हाड घेई. जुने, मातीत पडून वाळलेले हाड कोरायला गेले की त्याचे पापुद्रे निघतात, ते चिरफळते. शिंगे, सुळे, हाडे यांतली निवडही विचारपूर्वक असे. शिंग चिवट, आदळआपट सोसणारे, म्हणून ते हातोडीला किंवा कुदळीला. सुई, आरी, बाणाचे टोक यांसाठी हरणाच्या किंवा मेंढीच्या गुडघ्याखालचे लांब सरळ हाड. मटणातली नळी ज्यांना आवडते त्यांना हे हाड सांगायला नको. भिंत जाड, मधून पोकळ, आणि तंतू लांबीच्या दिशेने. त्यामुळे ते लांबीच्या बाजूने सरळ फाटते, आडवे सहसा तुटत नाही.

करण्याची रीत जगभर बहुतेक सारखी होती. आधी मांस आणि हाडावरचा पातळ पडदा गारगोटीच्या पात्याने खरवडून काढायचा. मग त्याच पात्याने लांबीच्या दोन्ही बाजूंना खाचा पाडायच्या, पुन्हा पुन्हा तीच रेघ ओढत, मधल्या पोकळीपर्यंत. खाचेत पाचर ठोकली की हाडाची पट्टी निघते. ती पाणी आणि वाळू घालून खरबरीत दगडावर घासायची. भोक पाडायचे तर टोकदार गारगोटी फिरवत आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. त्यामुळे जुनी भोके मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद असतात, डमरूसारखी. शेवटी चामडे आणि चरबी लावून चकाकी आणायची. एका सुईला कितीतरी तासांची मेहनत लागत असणार.

यातल्या प्रत्येक टप्प्याची खूण हाडावर राहते आणि वापराचीही राहते. सोव्हिएत संशोधक सर्गेई सेम्योनोव यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या खुणा वाचण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजवली. चामड्यातून हजारदा आरपार गेलेल्या आरीचे टोक वेगळे चकाकते. दोरीत ओवून गळ्यात घातलेल्या मण्याच्या भोकाची कड दोरीच्या बाजूला झिजते. थडग्यातल्या वस्तूवर अशी झीज दिसली तर ती वस्तू पुरण्यासाठी मुद्दाम केलेली नाही, ती त्या माणसाने किंवा आणखी कुणी अंगावर वापरलेली आहे, असे समजते. झीज नसेल तर ती निरोपासाठी नवी केलेली असू शकते. आजही कुणी आजोबांच्या देहाबरोबर त्यांची रोजची काठी ठेवतो, तर कुणी नवे कोरे धोतर आणतो. दोन्हींचा अर्थ वेगळा आणि दोन्ही खरे.

आपल्या देशातले उदाहरण पाहायचे तर उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड जिल्ह्याकडे जावे लागते. तिथे महादहा, दमदमा आणि सराय नाहर राय या ठिकाणी अलाहाबाद विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी मध्याश्मयुगातल्या शिकारी-संकलकांची वस्ती आणि दफने उजेडात आणली. एका जुन्या तळ्याच्या काठी ही माणसे राहत. महादहाला वस्तीलगत शिकार फाडण्याची जागा सापडली. हाडांची शस्त्रे आणि दागिने करण्याचे कामही तिथेच चाले. काही थडग्यांतल्या माणसांच्या अंगावर हाडाच्या कड्यांचे दागिने आढळले आणि काहींसोबत हाडाचे बाण ठेवलेले होते. त्यांचे सांगाडे तपासणाऱ्यांनी नोंदवले आहे, की ही माणसे उंच आणि दणकट होती आणि त्यांच्या दातांत कीड फार कमी होती. आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांचे दात पाहिले की ही नोंद मला दर वेळी आठवते.

म्हणजे ज्या हरणाने पोट भरले त्याच हरणाचे हाड कानात आणि गळ्यात घालून माणसे मातीत गेली. त्यात अघोरी काही नाही. जे जवळ होते, जे मेहनतीने कमावले होते, ते सोबत दिले.

आता पुन्हा विल्सफर्डच्या शिट्टीकडे येऊ. तिथे हाड हरणाचे नाही, माणसाचे आहे. तो माणूस आप्त होता की शत्रू? दोन्ही शक्यता विचारात घ्याव्या लागतात. जिंकलेल्या शत्रूच्या हाडाची वस्तू मिरवणे हेही मानवी इतिहासात घडलेले आहे. पण त्याच संशोधनातली इतर उदाहरणे वेगळ्या दिशेला बोट दाखवतात. ईशान्य इंग्लंडमध्ये स्टॉकटन-ऑन-टीजजवळ एका स्त्रीच्या थडग्यात किमान तीन इतर माणसांच्या कवट्या आणि हातापायांची हाडे होती. ती माणसे तिच्या आधी साधारण ६० ते १७० वर्षांपूर्वी मेली होती. म्हणजे कुणीतरी ही हाडे दोन-तीन पिढ्या सांभाळली, आणि मग एका स्त्रीच्या निरोपाच्या वेळी तिच्या स्वाधीन केली. एकूण तपासलेल्या हाडांत असे दिसले, की मृतांचे अवशेष साधारण दोन पिढ्यांपर्यंत जिवंत माणसांमध्ये राहत. इतकी वर्षे म्हणजे आठवणीची मुदत. आजोबांना पाहिलेला शेवटचा नातू असेपर्यंत. त्यानंतर नाव सांगणारे कुणी उरत नाही.

हाडे सांभाळण्यापूर्वी त्या देहांचे काय केले होते, हेही या संशोधनात तपासले गेले, आणि त्याची पद्धत आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे. आम्ही मेंदूचा सीटी स्कॅन करतो त्याच तत्त्वावर, पण कितीतरी पट सूक्ष्म, असा ‘मायक्रो सीटी’ त्या हाडांचा केला गेला. देह अखंड पुरला की कुजण्याच्या क्रियेत जिवाणू हाडात बारीक बोगदे पाडतात. देह उघड्यावर राहून मांस लवकर गेले तर बोगद्यांचे चित्र वेगळे दिसते. अशा खुणांवरून कळले, की काही देह जाळले होते, काही पुरून नंतर उकरले होते आणि काही उघड्यावर ठेवून हाडे मोकळी होऊ दिली होती. रीत एक नव्हती. घराण्यागणिक किंवा गावागणिक वेगळी असावी, जशी ती आपल्याकडेही आहे.

आपल्याला हे फार परके वाटायला नको. तिसऱ्या दिवशी राख सावडताना आपण अस्थी वेचून मडक्यात घालतो, फडक्यात बांधून झाडाला टांगतो आणि मग नाशिकला किंवा नदीवर नेऊन सोडतो. काही दिवस का होईना, हाडे सांभाळतोच. बौद्ध परंपरेत स्तूप उभे राहिले ते अस्थींवर. बाबासाहेबांच्या अस्थींपुढे नतमस्तक व्हायला चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर लाखो माणसे जातात. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जपलेले आहेत आणि त्यांचा उजवा हात चारशे वर्षांपासून रोममध्ये आहे. तिबेटी बौद्ध साधनेत ‘कांग्लिंग’ नावाची तुतारी असते. ती परंपरेने माणसाच्या मांडीच्या हाडाचीच करतात, आणि ती फुंकणारा साधक त्यातून देह नश्वर असल्याचे स्मरण करतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी आपली गेलेली लहान मुले दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून, त्यात ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. मूल गावाबाहेर एकटे राहू नये असे त्या आईला वाटले असेल, तर ते समजायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही.

मात्र समजूतदारपणा दाखवताना खात्रीने बोलण्याचा मोह आवरावा लागतो. विल्टशायरमधलेच अप्टन लव्हेलचे थडगे हे त्याचे चांगले उदाहरण. १८०१ साली विल्यम कनिंग्टन यांनी ते उघडले. आत भोके पाडलेली हाडाची अनेक टोके होती. ती एखाद्या खास अंगरख्याच्या झालरीला लावलेली असावीत, म्हणून तो माणूस मांत्रिक-वैदू असणार, असे बरेच दिवस मानले गेले. २०२२ साली लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच थडग्यातली दगडी हत्यारे सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि त्यावर सोन्याचे कण निघाले. ज्याला बरीच वर्षे मांत्रिक म्हटले तो सोन्याचे काम करणारा कारागीर होता. कदाचित दोन्ही असेल. पेशंटच्या केसपेपरवर आधीच्या डॉक्टरने लिहिलेले निदान तसेच पुढे उतरवत जाण्याची सवय आमच्या धंद्यातही आहे. हत्यारे पुन्हा तपासली म्हणून खरे कळले, हा धडा आम्हालाही लागू आहे.

हे सगळे वाचताना मला माझ्या पत्र्याच्या ट्रंकेतले उजवे फीमर आठवत राहिले. विल्सफर्डच्या लोकांना आपल्या हातातले हाड कोणाचे आहे हे माहीत होते. प्रेमाने असो की वैराने, माहीत होते. माझ्या ट्रंकेतल्या हाडाबद्दल मला, मला विकणाऱ्या सीनियरला, त्याला विकणाऱ्याला, कुणालाच काही माहीत नव्हते. त्या सेटमधला हात आणि पाय एकाच माणसाचे होते का, हेही सांगता आले नसते.

ही हाडे येत कुठून? वैद्यकीय शिक्षणासाठी सांगाडे पुरवणारा भारत हा अनेक दशके जगातला सर्वांत मोठा देश होता आणि कोलकाता हे त्या व्यापाराचे मुख्य केंद्र. युरोप-अमेरिकेतल्या कित्येक डॉक्टरांनी शरीररचना शिकली ती आपल्या गरिबांच्या हाडांवर. लहान मुलांचे सांगाडे मोठ्या संख्येने परदेशी गेल्याचे उघड झाल्यावर खळबळ उडाली आणि १९८५ साली केंद्र सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी निर्यातीवर आली. देशांतर्गत वसतिगृहांतल्या ट्रंका एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जात राहिल्या.

कायदेशीर मार्ग आहे, तो म्हणजे १९४९चा शरीररचनाशास्त्र कायदा. रुग्णालयात किंवा सार्वजनिक जागी मृत्यू पावलेल्या आणि कुणीही न नेलेल्या व्यक्तीचा देह त्यानुसार वैद्यकीय महाविद्यालयाला शिक्षणासाठी देता येतो. हा कायदा गरजेचा होता आणि त्याशिवाय आमच्या कित्येक पिढ्या डॉक्टर झाल्याच नसत्या, हे मान्य करायला हवे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘अनोळखी पुरुष, अंदाजे वय ६०’ असे लिहिलेल्या केसपेपरवर मी अनेकदा सही केली आहे. पोलिसांना कळवायचे, वाट पाहायची, कुणी आले नाही तर पुढची कार्यवाही. त्या माणसांपैकी कुणाला मी विचारले नव्हते, की तुमच्या देहाचे पुढे काय करू. बहुतेक वेळा विचारण्याच्या अवस्थेत ते नव्हतेच. ज्याच्याकडे घर, नातेवाईक, पैसे आहेत त्याचा देह बेवारस होत नाही. म्हणजे विज्ञानासाठी देह दिला तो प्रामुख्याने ज्यांना ‘नको’ म्हणायची सोय नव्हती त्यांनी. ‘दिला’ हे क्रियापदही तिथे बरोबर बसत नाही.

काही जण म्हणतील, मग खरी हाडे वापरायचीच कशाला? आता फायबरची उत्तम मॉडेल मिळतात, त्रिमितीय छपाईने हुबेहूब कवटी काढता येते. पहिल्या वर्षाच्या पाठांतराला ती पुरेशी आहेत, आणि विद्यार्थ्यांनी ट्रंकेतली हाडे विकत घेणे आता थांबायला हवे, यात मला शंका नाही. पण पूर्ण उत्तर ते नाही. साच्यातली सगळी हाडे सारखी असतात, माणसांची नसतात. ठिसूळ झालेल्या हाडाचा हलकेपणा, जुळून आलेल्या फ्रॅक्चरची गाठ, मुडदूस झालेल्या पायाचा बाक हे खऱ्या हाडावरच हाताला कळते. पुढे रुग्णाच्या पायावर हात ठेवताना ते उपयोगी पडते. खरी हाडे लागतील, आणि म्हणूनच ती कोणाची आहेत हे सांगता आले पाहिजे.

हे अशक्य नाही, कारण वैद्यकाच्या दुसऱ्या एका खोलीत आम्ही ते नीट करतो. खुब्याचा सांधा बदलताना काढलेला हाडाचा गोळा रुग्णाच्या संमतीने जपून, तपासून, निर्जंतुक करून दुसऱ्या रुग्णाच्या हाडातली पोकळी भरायला वापरता येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून अशी ऊती-पेढी आहे. तिथून गेलेल्या हाडाच्या तुकड्यामागे नोंद असते, चाचण्या असतात, संमती असते. माणसाच्या हाडाची वस्तू करणे आपण थांबवलेलेच नाही. आता ती वस्तू दुसऱ्या माणसाच्या पायात बसते आणि त्याला चालवते, इतकाच फरक.

तीच शिस्त शरीररचनेच्या विभागात आणायला तीन गोष्टी पुरे आहेत. पहिली, प्रत्येक महाविद्यालयाने आपल्याकडच्या हाडांची नोंदवही ठेवावी. कधी आली, देहदानातून की कायद्याने, संमती आहे की नाही. विद्यार्थ्याला हाड हवे तर ग्रंथालयाच्या पुस्तकासारखे सहीने मिळावे आणि परत यावे. दुसरी, तुटलेली, वापराबाहेर गेलेली आणि जुन्या ट्रंकांतून परत आलेली हाडे भंगारात किंवा माळ्यावर न पडता सन्मानाने दहन वा दफन व्हावीत. ज्या डॉक्टरांच्या घरी पोटमाळ्यावर अशी ट्रंक अजून आहे, आणि ती पुष्कळांच्या घरी आहे, त्यांनी ती जवळच्या महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाकडे सोपवावी. तिसरी, आणि खरी, देहदान वाढावे. दान म्हणून आलेल्या देहाला नाव असते, मागे कुटुंब असते आणि त्यामागे एका माणसाने शुद्धीत घेतलेला निर्णय असतो. अनेक महाविद्यालयांत आता पहिल्याच दिवशी विद्यार्थी त्या देहापुढे उभे राहून शपथ घेतात. काही ठिकाणी दात्यांच्या कुटुंबीयांना वर्षातून एकदा बोलावून त्यांचे आभार मानतात. हे सगळीकडे व्हायला खर्च जवळपास काहीच नाही.

देहदानाबद्दल आमच्याकडे नेहमी विचारले जाणारे प्रश्नही इथेच निकाली काढते. अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात मिळतो. अर्जदारासोबत जवळच्या नातेवाइकांच्याही सह्या लागतात, आणि ते योग्यच आहे, कारण वेळ येते तेव्हा फोन करणारे तेच असतात. नातेवाइकांनी नकार दिला तर अर्ज भरलेला असूनही देहदान होत नाही, म्हणून अर्जापेक्षा घरातले बोलणे महत्त्वाचे. नेत्रदान केले असले तरी देहदान करता येते. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे. अपघात, आत्महत्या यांसारखी पोलिसांकडची प्रकरणे, शवविच्छेदन झालेले देह आणि काही संसर्गजन्य आजारांतले देह सहसा स्वीकारले जात नाहीत. मृत्यूच्या कारणाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे. देह शक्य तितक्या लवकर पोचवावा. आणि काम झाल्यावर पुढे काय होणार, हे त्या विभागात बेधडक विचारावे. तो तुमचा हक्क आहे. उत्तर देता आले नाही तर त्या विभागाने ते शोधावे.

चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांपाशी लिपी नव्हती, नोंदवही नव्हती, कायदा नव्हता. त्यांनी हाड घासून गुळगुळीत केले, हातात बाळगले आणि मालक गेला तेव्हा त्याच्यासोबत ठेवले. त्यांची रीत आपण उचलावी असे मी म्हणत नाही. आपल्याकडे नोंदवही आहे, कायदा आहे आणि संमतीचा छापील अर्जही आहे. तरीही सुट्टीत ट्रंक घेऊन घरी गेलेल्या एखाद्या मुलीला तिच्या आजीने “कोणाचं गं हे?” असे विचारले, तर “उजव्या बाजूचं” यापलीकडे तिला काही सांगता यायला हवे. ‘एका बाईंनी स्वतःहून दिलंय, आजी’ एवढे जरी ती म्हणू शकली, तरी माझ्या पिढीपेक्षा ती चांगले वैद्यक शिकली असे मी समजेन.